ताचिबानाचं फूल आणि होर्यू-जीच्या भिंती

२६ जानेवारी १९४९. जपानमधल्या नारा इथल्या होर्यू-जी या बौद्ध मंदिरात पहाटे आग लागली. मंदिराचा मुख्य मंडप, कोन्दो, ही जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या बारा भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची चित्रं होती, सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वी रंगवलेली. ती काळानुसार झिजत चालली होती, म्हणून १९४० पासून चित्रकारांचं एक पथक तिथे बसून त्यांच्या हुबेहूब नकला उतरवत होतं. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून चित्रकार विजेवर तापणारी बैठक वापरत. तीच बैठक आगीला कारण झाली असावी, असं आजही मानलं जातं. म्हणजे चित्रं वाचवायला बसलेल्यांच्या जागेवरूनच ज्वाळा उठल्या असाव्यात. भिंती कोसळल्या नाहीत, पण त्यांच्यावरचे रंग करपून गेले. मागे राहिल्या त्या काळपट रेषा, जळालेल्या कागदावर अक्षरं दिसावीत तशा.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर जो कुणी घटकाभर उभा राहिला आहे, त्याला या बातमीचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. होर्यू-जीच्या बोधिसत्त्वाची मान, अर्धमिटले डोळे, बोटांची मुद्रा यांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी पहिल्यापासून करत आले आहेत. दोन्ही जागांना जोडणारा एक माणूसही आहे. आराई कान्पो हा जपानी चित्रकार रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली कलकत्त्याला आला. पुढे अजिंठ्याला जाऊन त्याने तिथल्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्या जपानला नेल्या. १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. याच आराईने आयुष्याची शेवटची वर्षं होर्यू-जीच्या नकला करण्यात घालवली. १९४५ साली तो वारला, त्यामुळे १९४९ ची आग त्याला पाहावी लागली नाही.

जपानमधल्या कला-साहित्याच्या राष्ट्रीय सन्मानांबद्दल लिहिताना मी आगीपासून सुरुवात केली, कारण या सन्मानांतला सर्वांत वेगळा आणि माझ्या मते सर्वांत शहाणा सन्मान त्या राखेतून उगवला. होर्यू-जीच्या धक्क्यानंतर जपानी संसदेने १९५० साली सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा केला. देवळं, मूर्ती, चित्रं, तलवारी यांना संरक्षण देणारे कायदे आधीही होते. नव्या कायद्याने त्यांच्या जोडीला एक नवा शब्द आणला: अमूर्त वारसा. नाटकाचा अभिनय, वाद्याचा बाज, मातीला आकार देणाऱ्या हातांची सवय, कापडावर रंग चढवण्याची रीत. या गोष्टी जळत नाहीत आणि मोडतही नाहीत. ज्याला त्या येतात तो माणूस गेला की त्या नुसत्या संपतात.

१९५४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९५५ पासून अशा विद्या जाणणाऱ्यांना सरकारी मान्यता मिळू लागली. कायद्यातलं नाव लांबलचक आहे: महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा धारक. वर्तमानपत्रांनी त्याला सुटसुटीत नाव दिलं, निंगेन कोकुहो, म्हणजे मनुष्यरूपी राष्ट्रीय ठेवा. आज जगभर हेच नाव ओळखीचं आहे, पण मूळ शब्द ‘धारक’ हा आहे, आणि सगळी गोम त्या शब्दात आहे. सरकार इथे दोन वेगळ्या गोष्टी करतं. आधी ते विद्येची नोंद करतं: अमुक प्रकारचा कागद, अमुक प्रकारचं विणकाम, काबुकीतल्या स्त्री-भूमिका. मग ती विद्या ज्याच्या अंगी आहे त्या माणसाला तिचा धारक म्हणून मान्यता देतं. धारक वारला की मान्यता संपते, आणि दुसरा कुणी धारक उरला नसेल तर त्या विद्येची नोंदही रद्द होते. घराण्याच्या बंदिशींचं जे आपण जाणतो तेच हे. बंदिश कुणाच्या मालकीची नसते, ती कुणाच्या तरी गळ्यात असते.

धारकाला वर्षाला २० लाख येन मिळतात. हे बक्षीस नव्हे. आपली कला आणखी घासूनपुसून लख्ख करण्यासाठी आणि पुढची पिढी घडवण्यासाठी दिलेलं हे अनुदान आहे, आणि ते कसं खर्चलं याचा हिशोब द्यावा लागतो. तरतूदही मोजकी. एका वेळी ११६ माणसांना पुरेल एवढी, म्हणजे २३ कोटी २० लाख येन, याच हिशोबाने कित्येक वर्षं ही यादी चालत आली आहे. एक जागा रिकामी झाली की दुसऱ्याचा विचार होतो. जपानसारख्या श्रीमंत देशाच्या मानाने ही रक्कम फार नाही, आणि अनेक कलांना वारसदार मिळत नाहीत हे दुखणं तिने बरं झालेलं नाही. तरीही पैसा शिकवण्यासाठी आहे हे आधीच बजावून सांगणारा सन्मान मला थोर वाटतो.

प्रत्यक्षात ही विद्या कशी दिसते? फुकुई प्रांतातल्या एचिझेनला जाऊ. तिथे दीड हजार वर्षांपासून कागद बनतो असं सांगतात. नदीच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकट झाली, तिने गावकऱ्यांना कागद करायला शिकवलं आणि ती नाहीशी झाली, ही तिथली कथा. कावाकामी गोझेन या नावाने तिचं देऊळ आहे, आणि कागदाची देवता म्हणून कारागीर तिला आजही पुजतात. इथल्या इवानो घराण्यात होशो नावाचा जाड, मऊ, पांढरा कागद होतो. घराण्याचा कर्ता पुरुष इचिबेई हेच नाव लावतो. आठव्या इचिबेईंना १९६८ साली धारक म्हणून मान्यता मिळाली, त्यांचे पुत्र नववे इचिबेई यांना २००० साली.

होशो बनतो कोझो या झुडपाच्या सालीपासून. हे तुतीच्या कुळातलं झाड आहे. साल सोलून तिचा आतला पांढरा भाग घ्यायचा, क्षार घालून शिजवायचा आणि धुवायचा. पुढचं काम बघणाऱ्याचा जीव दमवणारं आहे. पाण्यात तरंगणारा एकेक तंतू बोटांनी चाचपून त्यातला काळा ठिपका, सालीचा कण, गाठ वेचून काढायची. तासन् तास, थंडगार पाण्यात. रसायनाने पांढरं केलं तर हे काम क्षणात होईल, पण तंतू दुबळे होतील. मग साल कुटायची आणि पाण्याच्या हौदात कालवायची. त्यात तोरोरो-आओई नावाच्या वनस्पतीच्या मुळांचा चिकट रस घालतात. ही वनस्पती आपल्या भेंडीची जवळची नातलग, आणि रसही तसाच बुळबुळीत. या रसामुळे तंतू तळाशी बसत नाहीत, पाण्यात एकसारखे पसरून राहतात. चाळणीची चौकट हौदात बुडवायची, उचलायची, हलवायची. त्या हलवण्यातच कागदाची जाडी ठरते. ओले कागद एकावर एक रचले तरी ते एकमेकांना चिकटत नाहीत, हीसुद्धा त्याच रसाची करामत. शेवटी दाबून पाणी काढायचं आणि ब्रशने फळीवर बसवून वाळवायचं.

जपानी लाकडी ठशांची चित्रं अशा कागदावर छापतात. एका चित्रासाठी दहा-वीस वेळा वेगवेगळे ठसे चढवून वरून जोराने घासावं लागतं. दर वेळी कागद ओलसर असतो, तरीही तो ताणला जाता कामा नये. साधा कागद तिसऱ्या-चौथ्या घासणीला फाटेल. होकुसाईची ‘लाट’ आज नव्याने छापायची तर आधी असा कागद हवा, आणि तो हवा तर ते ठिपके वेचणारी बोटं हवीत. होकुसाई सगळ्यांना ठाऊक असतो, बोटं कुणालाच नाही. निंगेन कोकुहोमुळे ती बोटं यादीत आली.

आता दुसऱ्या, जास्त झगमगत्या सन्मानाकडे येतो. बुन्का कुनशो, म्हणजे संस्कृती पदक. कला, साहित्य आणि विज्ञान यांसाठी जपानी राष्ट्र देतं त्यातला हा सर्वोच्च मान. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी तो स्थापन झाला आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला नऊ जणांना पहिल्यांदा दिला गेला. त्यांत कादंबरीकार कोदा रोहान होते, तांका कवी सासाकी नोबुत्सुना होते, चित्रकारांत योकोयामा ताइकान आणि ताकेउची सेइहो होते, शास्त्रज्ञांत भौतिकवेत्ते नागाओका हान्तारो. यातले ताइकान १९०३ साली भारतात येऊन ठाकूर घराण्याच्या सहवासात राहून गेलेले. या पदकाला प्रथम, द्वितीय अशा श्रेणी नाहीत. जपानच्या इतर बहुतेक पदकांत त्या आहेत, इथे सगळे एका पायरीवर.

पदकाचं रूप पाहण्यासारखं आहे. पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, मध्ये मागातामा नावाचे तीन वाकडे मणी, वर पानं आणि फळं, आणि फिकट जांभळी फीत. हे फूल ताचिबानाचं, म्हणजे जपानी रानटी संत्र्याचं. आधी प्रस्ताव साकुराच्या, चेरीच्या फुलाचा होता. सम्राट हिरोहितो यांनी सुचवलं म्हणून तो बदलला, असं सांगतात. साकुरा फुलतो आणि झटकन गळतो, म्हणून ते योद्ध्याचं फूल मानलं गेलं. संस्कृतीला सदाहरित झाड हवं. ताचिबानाची एक जुनी कथाही आहे. सुइनिन सम्राटाने ताजिमामोरी नावाच्या माणसाला अमरलोकातून नित्य दरवळणारं फळ आणायला धाडलं. दहा वर्षांनी तो ताचिबाना घेऊन परतला तेव्हा सम्राट हयात नव्हता. त्याच्या समाधीपाशी रडता रडता ताजिमामोरीनेही प्राण सोडला. पदकावर हे फूल कोरताना ही कथा किती जणांच्या मनात होती कोण जाणे. मला तरी ते फूल पाहिलं की उशिरा पोचलेला ताजिमामोरीच आठवतो, कारण हे पदक बहुतेकांना फार उतारवयात मिळतं.

वर्षाकडेही बघायला हवं. पदक सुरू झालं १९३७ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत चीनशी पूर्ण युद्ध पेटलं. युद्धकाळात तानिझाकी जुन्इचिरो यांची ‘सासामेयुकी’ ही कादंबरी मासिकातून क्रमशः येत होती. ओसाकाच्या चार बहिणींची लग्नं, किमोनो, साकुरा पाहण्याच्या सहली. देश लढत असताना हे चोचले कशाला, म्हणून १९४३ साली लष्कराने ती बंद पाडली. तानिझाकी लिहीत राहिले. युद्धानंतर कादंबरी पूर्ण झाली, आणि १९४९ साली त्याच तानिझाकींना संस्कृती पदक मिळालं. जे राज्य एका हाताने लेखकाचं तोंड दाबतं तेच सहा वर्षांनी दुसऱ्या हाताने त्याच्या गळ्यात फूल घालतं. या पदकाचा खरा इतिहास मला या एका आयुष्यात दिसतो.

युद्धानंतर १९४६ साली हयात माणसांना पदकं देणं जपानने थांबवलं. ती प्रथा १९६४ मध्येच पुन्हा सुरू झाली. संस्कृती पदक मात्र मधल्या काळातही चालू राहिलं. आज ते दर वर्षी ३ नोव्हेंबरला, संस्कृती दिनी, सम्राटांच्या राजवाड्यात दिलं जातं, आणि १९९७ पासून सम्राट ते स्वहस्ते देतात. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेल्या हायकूचे विसाव्या शतकातले मोठे आचार्य ताकाहामा क्योशी यांना ते १९५४ साली मिळालं, कावाबाता यासुनारी यांना नोबेलच्या सात वर्षं आधी १९६१ साली, आणि चित्रपटांसाठी पहिल्यांदा १९८५ साली, अकिरा कुरोसावांना. मांगा चित्रकथांना थेट २०२४ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा चिबा तेत्सुया मानकरी ठरले. पहिल्या स्त्रीलाही अकरा वर्षं वाट पाहावी लागली: १९४८ साली चित्रकार उएमुरा शोएन. त्यांच्या चित्रांत स्त्रियाच असत, सुई ओवणाऱ्या, नो नाटकात नाचणाऱ्या, बर्फात चालणाऱ्या. पुढे त्यांचे पुत्र शोको यांना १९८४ साली आणि नातू आत्सुशी यांना २०२२ साली हेच पदक मिळालं.

या पदकाबरोबर पैसा मिळत नाही. कारण जपानच्या युद्धोत्तर राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाने स्पष्ट म्हटलं आहे की कोणत्याही सन्मानाबरोबर विशेष लाभ जोडता येणार नाही. पण युद्धानंतरच्या हलाखीत कित्येक थोर कलावंतांची चूल पेटायची पंचाईत होती. मग १९५१ साली वाट काढली गेली. बुन्का कोरोशा, म्हणजे संस्कृतीची सेवा केलेला पुरुष किंवा स्त्री, असा वेगळा मान निर्माण केला आणि वेगळ्या कायद्याने त्याला आजीव वर्षासन जोडलं. आज ते वर्षाला ३५ लाख येन आहे. पदकाचे मानकरी सहसा या यादीतूनच निवडले जातात, त्यामुळे ज्याला फूल मिळतं त्याच्या घरात वर्षासन आधीच पोचलेलं असतं. घटनेचा शब्द मोडला नाही आणि म्हाताऱ्या कवीला जेवण मिळालं. मला ही तडजोड मनापासून पटते.

जपान कला अकादमी हा आणखी एक मान. तिचे सदस्य १२० पर्यंत, तहहयात, आणि त्यांनाही वर्षासन आहे. तिच्यापाशी मी थांबतो ते एका नकारासाठी. कादंबरीकार ओओका शोहेई दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये अमेरिकनांच्या कैदेत होते, आणि त्या अनुभवावर त्यांनी थोर लेखन केलं. १९७१ साली अकादमीने त्यांना सदस्यत्व देऊ केलं. युद्धात कैदी झालेल्या माणसाने राष्ट्राचा मान कसा घ्यावा, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. मेलेल्या सोबत्यांची आठवण त्या नकारात आहे, आणि त्यांना मरायला धाडणाऱ्या राज्याला विचारलेला प्रश्नही.

संस्कृती पदक नाकारणारेही आहेत, आणि त्यांची कारणं वाचताना या सन्मानांचं वजन जास्त कळतं. ओए केन्झाबुरो यांना १९९४ साली नोबेल मिळालं तेव्हा पदकही देऊ केलं गेलं. लोकशाहीपेक्षा मोठी सत्ता किंवा मूल्य आपण मानत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. दिग्दर्शक ओझूच्या ‘तोक्यो मोनोगातारी’ या चित्रपटात थोरल्या मुलीचं काम केलेल्या अभिनेत्री सुगिमुरा हारुको यांनी १९७४ साली कोरोशाचा मान घेतला होता, पण १९९५ साली पदक नको म्हणून सांगितलं. ऐंशी उलटलेल्या बाईंना अजून रंगमंचावर उभं राहायचं होतं, आणि गळ्यातलं ते वजन त्यांना त्यासाठी जड वाटत होतं. चित्रकार कुमागाई मोरिकाझु तर म्हणाले की पदक घेतलं तर घरी माणसं येऊ लागतील. हे १९६७ सालचं, तेव्हा त्यांचं वय ८७. तोक्योतल्या आपल्या घराच्या लहानशा बागेबाहेर ते वर्षानुवर्षं फारसे पडलेच नव्हते. तासन् तास जमिनीवर आडवे होऊन मुंग्या कशा चालतात ते पाहायचे, आणि मग चित्र काढायचे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो क्योतोचा कुंभार कावाई कान्जिरो. १९२५ च्या सुमारास यानागी मुनेयोशी, हामादा शोजी आणि कावाई या तिघा मित्रांनी मिळून मिंगेई हा शब्द घडवला: लोककला, लोकांच्या रोजच्या वापरातली कला. खरं सौंदर्य निनावी कारागिरांच्या भांड्यांत असतं, त्यांनी स्वतःचं नाव मिरवलेलं नसतं, ही त्यांची श्रद्धा. दोन्ही कुंभारांच्या दारात पुढे सरकार येऊन उभं राहिलं. हामादा १९५५ च्या पहिल्याच यादीत निंगेन कोकुहो झाले आणि १९६८ साली त्यांनी संस्कृती पदकही घेतलं. कावाईंनी दोन्ही नाकारलं. नंतरच्या काळात ते आपल्या भांड्यांवर सहीसुद्धा करत नसत. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात आणि १९५७ साली मिलानमध्ये त्यांना सर्वोच्च पारितोषिकं मिळाली, पण भांडी पाठवली होती मित्राने, त्यांना न सांगता. हामादा चुकले असं मला म्हणायचं नाही. ते जिथे काम करत त्या माशिकोसारख्या खेड्याकडे, तिथल्या मातीकडे देशाचं लक्ष वळलं त्यात त्यांच्या नावाचा मोठा वाटा होता. तरी निनावीपणावर श्रद्धा असलेल्या माणसाने आपलं नाव यादीत घालू नये, हे कावाईंचं म्हणणंही खोडून काढता येत नाही. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

पुन्हा होर्यू-जीकडे. आग लागली तेव्हा मंडपाचं दुरुस्तीचं काम चालू होतं, म्हणून वरचा मजला आणि मूर्ती आधीच हलवलेल्या होत्या. उडणाऱ्या अप्सरांची वीस छोटी चित्रंही उतरवून ठेवली होती. ती वाचली. बारा मोठ्या भिंती आवारातच वेगळ्या जागी जतन केल्या आहेत, जळालेल्या अवस्थेत. मंडपातल्या जागा रिकाम्या होत्या त्या १९६७-६८ मध्ये भरल्या. १९३५ साली काढलेल्या पूर्ण आकाराच्या छायाचित्रांवरून हातकागदावर फिकट ठसे उमटवले, आणि चित्रकारांच्या चार तुकड्यांनी त्यांवर रंग भरले. एका तुकडीचे प्रमुख यासुदा युकिहिको होते, एकीचे माएदा सेइसोन, एकीचे हाशिमोतो मेइजी. यासुदांना संस्कृती पदक मिळालं होतं १९४८ मध्ये, माएदांना १९५५ मध्ये. हाशिमोतोंना ते १९७४ साली मिळालं. तेच हाशिमोतो १९४० पासून, आगीच्या आधी, त्या मंडपात बसून नकला उतरवणाऱ्यांत होते. ज्या मंडपात बसून त्यांच्या हाताने तेव्हा रेषा गिरवल्या होत्या, त्याच मंडपासाठी त्यांनी पुन्हा ब्रश हाती घेतला.